लादीचा गाभा

बर्फाची लादी बाहेरून आत गोठते. पत्र्याचा डबा टाकीतल्या गार मिठाच्या पाण्यात उभा असतो. डब्यातलं विहिरीचं गोडं पाणी आधी त्याच्या भिंतींना धरतं, काचेसारखं, आरपार दिसेल असं. मग तो थर चारही बाजूंनी आत सरकत जातो आणि पाण्यात जे काही पाणी नाही, ते सगळं आपल्यापुढे ढकलत नेतो. शेवटी मधोमध एक दुधट रेघ उरते. कारखान्यात तिला गाभा म्हणतात. काकू लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा गाभा पेन्सिलीएवढा असे. आता तो मनगटाएवढा झाला होता, आणि टोचा मारला की लादी पूर्वीसारखी खणखणत नसे. ओल्या फळीवर हात मारल्यासारखा आवाज येई.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डबे गळतात. जोडांतून टाकीतलं मिठाचं पाणी आत झिरपतं. म्हणून काका, म्हणजे काकूचा नवरा आणि कारखान्याची यंत्रं सांभाळणारा घरातला धाकटा भाऊ, गेले कित्येक महिने एकेक डबा बाहेर काढून त्याचे जोड झाळत होता. त्याच्या शर्टांवर इतकी भोकं पडली होती, की काकूने त्यांना रफू करणं सोडून दिलं होतं.

पण त्या दिवशी जेवायला सगळे वर, कारखान्यावरच्या घरात, जमले ते डब्यांसाठी नव्हे. जमले ते बुटकीसाठी.

बुटकी ही थोरल्या भावाची, दादांची, मुलगी. घरात सगळ्यांत उंच. नाव लहानपणीचं होतं आणि कोणाला बदलायचं सुचलं नाही. तिची आई ती चालायला लागायच्या आतच गेली, आणि काकूने तिला असं वाढवलं, की शाळेत पालकांच्या सभेला कोण येणार, हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. आता तिचा नवरा जहाजावर होता आणि तिला सातवा महिना चालू होता. काल नर्सबाईंनी तिचं प्रेशर तपासलं, पुन्हा तपासलं, आणि पट्टा गुंडाळताना काकूकडे न बघता सांगितलं, की आठवडाभरात खाली आलं नाही तर शहरातल्या इस्पितळात दाखल करा. मूल वेळेआधी बाहेर काढावं लागेल. दोघांपैकी कोणाची खात्री द्यायला सांगू नका.

काकूने तिथूनच आत्याला फोन केला होता. आत्या म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण. शहरात औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि फोनवर कधीच "काळजी करू नको" म्हणत नसे. "येते," म्हणाली आणि दुपारच्या बसने आली.

स्वयंपाकघर यंत्रांच्या खोलीच्या बरोबर वर होतं. खाली कॉम्प्रेसर चालू असला, की टेबल बारीक थरथरायचं आणि चमचे एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुणे दचकत. घरातल्यांना तो आवाज थांबला तरच जाग येई.

"हे काय आहे?" आत्याने पहिला घास घेऊन विचारलं.

"बटाटे," दादा म्हणाले. "निदान दिसतात तरी तसे."

"मीठ?"

"बंद. नर्सबाईंनी बुटकीला बंद केलं, म्हणून काकूने अख्ख्या घराला बंद केलं. पंधरा दिवस झाले. परवा मी रस्त्यावर एका शेंगदाणेवाल्याकडे बघून रडणार होतो."

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलंय अळणी खायला?" बुटकी म्हणाली. तिने पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते आणि पायांत काकाच्या चपला होत्या. तिच्या स्वतःच्या आता शिरत नव्हत्या. "तुमचं तुम्ही घ्या ना वेगळं."

"आणि तुझ्यासमोर बसून चवीने खाऊ? तुझ्या काकूने मला घराबाहेर काढलं असतं."

"काढलंच असतं," काकू म्हणाली. घरात सगळेच तिला काकू म्हणत, दादासुद्धा, आणि ती सगळ्यांना लहानसहान कारणांवरून सारखीच रागावत असे. "सगळ्यांनी मिळून अळणी खाल्लं तर पोरीला आपलं एकटीचं काही वाटत नाही."

"चिमूटभरही नाही?" आत्याने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "पंधरा दिवस, अगदी काहीच नाही?"

"काहीच नाही. बिस्किटंसुद्धा मी बघून आणते."

"आणि तरी प्रेशर वाढलं."

 चमचे किणकिणत राहिले.

जेवण झाल्यावर आत्या नेहमीप्रमाणे खाली गेली. लहानपणापासून तिची सवय होती. आल्यावर एकदा तरी लादीवर तळहात टेकवायचा, दुखायला लागेपर्यंत. काकू चहाचे पेले घेऊन मागून गेली. काकाने नुकत्याच लाद्या बाहेर काढल्या होत्या आणि त्या फळ्यांवर ओळीने उभ्या होत्या, धुरकट, घाम फुटलेल्या. मासळीसाठी बर्फ नेणाऱ्या बोटीवाल्यांची गाडी यायला अवकाश होता.

आत्याने हात टेकवला नाही. ती एकेका लादीपुढे वाकून बघत गेली. शेवटच्या लादीपाशी जाऊन परत पहिल्यापाशी आली.

"हे गाभे असे कधीपासून?"

"डबे गळतात गं," काका म्हणाला. "निम्मे झाळून झालेत. राहिलेले झाले की बघ, पूर्वीसारखी लादी देतो तुला. आरशासारखी."

"झाळलेल्या डब्यांच्या लाद्या कुठल्या?"

काकाने हात केला. "या बाजूच्या."

"आणि न झाळलेल्यांच्या?"

"त्या बाजूच्या."

"मला फरक दाखव."

काका पेला तोंडाला लावून उभा राहिला. चहा इतका गरम होता, की एरवी तो कधी एवढ्यात प्यायला नसता.

"एक डबा गळला तर एक लादी खराब होईल," आत्या म्हणाली. ती हळू बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "इथे सगळ्यांचा गाभा सारखा आहे. सगळे डबे एकाच मापाने गळतात? नवा डबा एकही घेतला नाहीस?"

"घेतले. चार."

"त्यांच्या लाद्या?"

काकाने पेला खाली ठेवला. "तशाच," तो म्हणाला.

काकूने नवऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं हा माणूस काही लपवायला लागला, की तिला आधी त्याच्या कानांवरून कळायचं. कान लाल झाले होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत असं नाही. नवे डबे घातले तेव्हा शंका आली."

"मग बाकीचे डबे कशाला झाळत बसलात?"

"अगं, डबा झाळता येतो." त्याने टाकीकडे, दाराकडे, दारातून दिसणाऱ्या बांधाकडे आणि बांधापलीकडच्या करड्या पाण्याकडे हात फिरवला. "याला मी काय झाळ लावू?"

आत्याने बांधाकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मीठ विहिरीतूनच येतंय. बांध फुटून समुद्र गल्लीत शिरला होता ना, तेव्हापासूनच आलं असणार. जमिनीखालचं गोडं पाणी कमी होतं, खारं पाणी आत सरकतं. चव हळूहळू बदलते. रोज पिणाऱ्याला कळत नाही." मग ती थांबली. "वहिनी, बुटकी कुठलं पाणी पिते?"

"विहिरीचंच. पण साधं नाही," काकू घाईने म्हणाली. "मी तिचं वेगळं करते. नर्सबाईंनी उकळून द्या म्हटलंय. मी नुसती उकळी नाही आणत हं, चांगलं अर्ध्यावर आटवते. पहाटे उठून."

हे सांगताना तिला जरा अभिमानच वाटत होता. आटवलेलं पाणी निळ्या झाकणाच्या बाटलीत भरून ती बुटकीच्या उशाशी ठेवी. दुसऱ्या कोणी त्या बाटलीला हात लावायचा नाही, असा नियम होता. दादांनी एकदा चुकून लावला होता आणि तो दिवस त्यांच्या अजून लक्षात होता.

आत्याने तिच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि फळीवर ठेवला. मग तिचा हात धरला.

"वहिनी, आटवल्यावर पाणी कुठे जातं?"

"वाफ होऊन जातं."

"आणि त्यातलं मीठ?"

खाली कॉम्प्रेसरचा आवाज इतका होता, की वर कोणाला काही ऐकू गेलं नसतं. तरी काकूला वाटलं, की सगळ्या गल्लीने ऐकलं. तिच्या डोळ्यांपुढे पातेल्याचा तळ आला. रोज घासून काढावा लागणारा तो पांढरा थर. राखेने घासताना ती रोज पुटपुटायची, की हल्ली पातेली पूर्वीसारखी येत नाहीत.

"मी तिला दुप्पट..." ती म्हणाली आणि पुढचं बोलली नाही.

"तू तिला पाणी दिलंस," काका म्हणाला. "विहीर मीठ देत होती."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही डबे झाळा."

 तो जवळ येऊन उभा राहिला, तिच्या खांद्याला खांदा लागेल इतका, आणि ती सरकली नाही.

वर येऊन काकूने बुटकीच्या उशाशी असलेली बाटली मोरीत ओतली. बुटकी टक लावून बघत होती.

"काय झालं? उंदीर पडला?"

"मी पडले," काकू म्हणाली आणि तिच्यापुढे जमिनीवर बसून रडायला लागली. आत्याने काय झालं ते थोडक्यात सांगितलं. बुटकीने सगळं ऐकून घेतलं, मग मोठ्या कष्टाने पुढे वाकली. मध्ये पोट होतं म्हणून तिला काकूच्या डोक्यापर्यंतच पोचता आलं. तिने काकूच्या केसांवर हात ठेवला.

"काकू, लहानपणी मला खोकला झाला तर तू काढा देताना पण अर्धं आटवायचीस. मी तेव्हाच म्हणत होते, ही बाई एक दिवस मला मारणार."

काकू रडता रडता हसली आणि मग त्याहून जास्त रडली.

"आता करायचं काय ते सांगा," दादा म्हणाले. ते खिडकीपाशी उभे होते. "नुसतं रडून काय होतंय?"

"आत्ताचं सोपं आहे," आत्या म्हणाली. "लादीचा बाहेरचा, काचेसारखा भाग गोडा असतो. मीठ सगळं गाभ्यात ढकललेलं असतं. गाभा काढून टाकायचा, बाकीचं वितळवायचं, एक उकळी आणायची. एकच, वहिनी."

"एकच," काकू म्हणाली.

काका खाली जाऊन लादी घेऊन आला. स्वयंपाकघरात गोणपाट पसरलं. त्याने टोचा मारला आणि दादांनी, ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत हिशेबाखेरीज कशाला हात लावला नव्हता, बाह्या सरसावून पारदर्शक तुकडे वेगळे करायला घेतले. "हा नको, हा पांढरा आहे. अरे, तो पण नको. दिसत नाही तुला?" ते धाकट्या भावावर ओरडत होते. "दादा, मी तीस वर्षं बर्फ फोडतोय." "म्हणूनच नीट फोडत नाहीस." बुटकी खुर्चीवरून कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा, याचे निकाल देत होती. पातेलं भरलं. थोडा वेळ सगळ्यांना वाटलं, की काम झालं.

मग आत्या म्हणाली, "दादा, इंजिनिअर दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता ना?"

दादांनी हात पुसले.

सगळ्यांनाच आठवत होतं. पाणीयोजनेचा इंजिनिअर, तरुण, चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढून आत आला होता. म्हणाला, समुद्र असाच आत येत राहिला तर विहिरींचा भरवसा नाही, आणि या पट्ट्यात भरतीच्या पाण्यापासून वर उचललेली जागा एकच, हा कारखाना. छप्परही एवढं मोठं दुसरं नाही. छपरावरचं पावसाचं पाणी उतरवून घेऊ, हॉलमध्ये पक्क्या टाक्या बांधू, गल्लीला वर्षभर पुरेल. टाक्या भरेपर्यंत पाण्याचा टँकर तुमच्या फाटकाशी उभा राहील. फक्त यंत्रं आणि मिठाची टाकी काढावी लागेल. दादांनी त्याला चहा पाजला आणि "बघू" म्हणाले. त्यानंतर तीन वेळा त्याचा फोन आला. तीन वेळा दादा "बघू" म्हणाले.

"आपल्या आजोबांनी विहिरीचा नळ फाटकाबाहेर काढला," दादा म्हणाले. "गल्लीसाठी. एक पैसा न घेता. अख्खी गल्ली आपल्या पाण्यावर वाढली. आता मी जाऊन सांगू, की तुम्हाला इतके दिवस मीठ पाजत होतो? आणि याचं काय?" त्यांनी काकाकडे मान केली. "याला यंत्रांशिवाय काय येतं? बोटीवाले दुसरीकडे जातील ते परत यायचे नाहीत."

"माझं नाव पुढे करू नका," काका म्हणाला.

"तुझ्यासाठीच बोलतोय."

"तेच म्हणतोय. नका बोलू."

दादांना हे अपेक्षित नव्हतं. आतापर्यंत प्रत्येक वेळी हा विषय निघाला, की दोघे भाऊ एका बाजूला असत. त्यांनी काकूकडे पाहिलं. ती नेहमी नवऱ्याच्या बाजूने असायची, म्हणजे त्यांच्या. काकू पातेल्यातला बर्फ वितळताना बघत होती.

"बरं, असं करू," दादा आत्याकडे वळले, त्यांचा आवाज मऊ झाला. "बुटकीला उद्याच तुझ्याबरोबर शहरात ने. तुझ्याकडे राहील. चांगलं पाणी, जवळ इस्पितळ. आपली पोर सुखरूप. मग बाकीचं सावकाश ठरवता येईल. काय?"

काकूला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पोर शहरात. तिथे नळाला गोडं पाणी. पहाटे उठायचं नाही, पातेलं घासायचं नाही. ती "हो" म्हणायला तोंड उघडणार होती.

"मी जाईन," बुटकी म्हणाली. "जायला माझी हरकत नाही. पण शिंप्याची सून?"

"तिचं काय?"

"तिला माझ्यापेक्षा पंधरा दिवस जास्त झालेत, बाबा. ती रोज खालच्या नळावरनं भरते. आम्ही दोघी दवाखान्यात एकाच बाकावर बसतो. तिचेही पाय सुजलेत. तिच्या सासऱ्यांच्या चपला तिला होत नाहीत, एवढाच फरक."

काकूने डोळे मिटले.

"तिलाही मी देते," ती म्हणाली.

"काय देतेस?"

"आटवलेलं. दुसरी बाटली. तिच्या सासूला पहाटे उठवत नाही म्हणून... बुटकीचं करतेच आहे, तर म्हटलं तिचंही करावं. आज सकाळीच दिली." ती उठली, पदर खोचला आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागली. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. "मी जाते. तिला सांगते. ओतून टाक म्हणते. तिच्या सासूलाही सांगते. सगळ्यांना सांगते."

"थांब," दादा म्हणाले.

"नाही थांबत, दादा. तुम्ही मला कधी काही करायला अडवलं नाहीत, आता अडवू नका. मला त्या पोरीच्या घरी रात्री ती बाटली उघडायच्या आत पोचायचंय."

"अगं, तू एका दारात सांगशील, ते दहा दारांत पोचेल. उद्या गल्ली म्हणेल, कारखानावाल्यांनी बाईला पुढे केलं आणि स्वतः आत बसले."

"मग तुम्ही या."

खिडकीखाली भांड्यांचे आवाज यायला लागले होते. संध्याकाळी नळ उघडायची वेळ झाली होती. किल्ली दादांकडेच असे आणि नळ ते स्वतःच उघडत, ताप असला तरी. बायका रांगेत बोलत उभ्या होत्या. कोणीतरी मोठ्याने हसलं. शिंप्याची सून रांगेत नव्हती. तिची सासू होती, दोन बादल्या घेऊन.

दादांनी मुलीकडे पाहिलं. ती काकाच्या चपलांमध्ये पाय हलवत बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती वाट बघत. मग ते धाकट्या भावाकडे वळले.

"खरंच सांग. तुझं काय होईल?"

"टाक्यांना पाइप लागतील, पंप लागतील," काका म्हणाला. "झडपा गळतील. झाळायला कोणीतरी लागेलच ना? आणि कॉम्प्रेसर बंद झाला, तर मी जरा झोपेन. माझ्या लग्नापासून झोपलेलो नाही."

"माझ्यामुळे नाही ना?" काकू दारातून म्हणाली. तिला दुसरी चप्पल सापडली होती.

"तुझ्यामुळेही."

दादा हसले नाहीत. त्यांनी आत्याकडे पाहून विचारलं, "तपासून खात्री करायला हवी ना आधी? कागदावर?"

"नमुना मी उद्या नेते. आकडा किती ते चार दिवसांत कळेल," आत्या म्हणाली. "खारट आहे की नाही, हे तुला आज कळलंय."

दादा जिना उतरले. काकू त्यांच्या मागे, तिच्या मागे काका. बुटकीला वरच थांबायला सांगितलं होतं, ती अर्थात थांबली नाही. आत्याचा हात धरून एकेक पायरी उतरत राहिली. फाटकाशी बायकांनी वाट करून दिली आणि शिंप्याची बायको म्हणाली, "आज सगळं घरदार खाली? कोणाची वरात आहे काय?"

नेहमी दादा अशा वेळी काहीतरी उलट बोलत. त्यांनी नळाच्या कुलपाला हात लावला आणि काढला. काकू पुढे होऊन शिंप्याच्या बायकोच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या बादलीची कडी धरून ठेवली, जणू कोणी ती भरायला नेईल.

"आज नळ उघडत नाही," दादा म्हणाले. मागच्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "नळ उघडत नाही. विहीर खारट झालीय. आमच्या पोरीचं प्रेशर त्यानेच चढलंय, आणि तुमच्या सुनेचंही त्यानेच चढलं असणार. हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही. काकूने बाटली दिली असेल ती ओतून टाका, तिची चूक नाही, माझी आहे, मला दोन वर्षं माहीत होतं की बघायला हवं आणि मी बघितलं नाही. आत लाद्या आहेत, आज बोटींना जाणार नाहीत, माझा भाऊ फोडून देईल, पांढरं टाकून काचेसारखं तेवढं घरी न्या."  त्यांनी मागे वळून छपराकडे पाहिलं, मग बायकांकडे. "त्या इंजिनिअरला मी आत्ता फोन करतो. उद्या टँकर येईल. आणि कारखाना मी बंद करतोय."